स्पोर्ट्स कार: उत्पादनसंख्या, दुर्मिळता आणि भावी संग्रहमूल्य

एखाद्या स्पोर्ट्स कारच्या केवळ काही शे गाड्या तयार होणार असल्याची घोषणा कंपनी करते, तेव्हा ग्राहक इंजिनाची शक्ती आणि वेग यांच्याबरोबरच आणखी एका गोष्टीचे पैसे मोजत असतो. आपल्यासारखी गाडी फार थोड्यांकडे असेल आणि पुढे तिचे मोल वाढेल, ही ती अपेक्षा होय. ही अपेक्षा कधी पूर्ण होते आणि कधी फोल ठरते, याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास उपलब्ध आहे. केवळ संख्या कमी असल्याने मोटार संग्राह्य होत नाही. त्या संख्येमागे खरी मागणी असावी लागते आणि प्रत्येक गाडीची ओळख पटवणारी विश्वासार्ह नोंद असावी लागते, असे या इतिहासातून दिसते.

भारतातही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. इंदूरच्या होळकर संस्थानची मोटार, सचिन तेंडुलकर याला भेट मिळालेली फेरारी, तसेच अलिबाग आणि पुणे परिसराशी संबंधित असलेले स्पोर्ट्स कारचे प्रयत्न ही त्याची उदाहरणे आहेत.

शर्यतीचा नियम आणि मर्यादित उत्पादन

मोजक्या संख्येने स्पोर्ट्स कार तयार करण्याची प्रथा प्रारंभी विक्रीच्या युक्तीतून आली नव्हती. शर्यतींच्या नियमांमुळे ती रूढ झाली. रस्त्यावर चालणाऱ्या मोटारींच्या गटात भाग घ्यायचा असेल, तर त्या प्रकारच्या किमान ठरावीक गाड्या तयार झालेल्या असाव्यात, अशी अट आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ घालत असे.

इटलीच्या फेरारी कंपनीची २५० जीटीओ ही मोटार या नियमाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या काळी किमान १०० गाड्यांची अट होती. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओच्या केवळ ३६ गाड्या तयार केल्या. ही नवी मोटार नसून आधीच्या २५० जीटी मालिकेची सुधारित आवृत्ती आहे, ही कंपनीची भूमिका मान्य झाली आणि गाडीला शर्यतीत प्रवेश मिळाला. पुढे २५० एलएम या मोटारीच्या वेळी मात्र महासंघाने अशी सवलत नाकारली.

या ३६ गाड्यांपैकी एक गाडी ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतील माँटेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. हा भाव केवळ ३६ या आकड्याला मिळालेला नाही. या मोटारींनी त्या काळातील महत्त्वाच्या शर्यती जिंकल्या होत्या. कोणती गाडी कोणत्या शर्यतीत होती, ती कोणी चालवली आणि नंतर ती कोणाच्या मालकीची झाली, याची गाडीनिहाय माहिती उपलब्ध आहे.

याहून टोकाचे उदाहरण जर्मनीतील मर्सिडीज-बेंझचे आहे. कंपनीने १९५५ मध्ये ३०० एसएलआर या शर्यतीच्या मोटारीच्या बंद छपराच्या दोनच गाड्या तयार केल्या. त्याच वर्षी कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि दोन्ही गाड्या तिच्याच ताब्यात राहिल्या. त्यांपैकी एक गाडी मे २०२२ मध्ये स्टुटगार्ट येथे झालेल्या लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. तोपर्यंत कोणत्याही मोटारीला जाहीर विक्रीत एवढी किंमत मिळाली नव्हती. उत्पादकाने ६७ वर्षे स्वतःकडे ठेवलेल्या या गाडीच्या ओळखीविषयी शंकेला जागा नव्हती.

जाहीर संख्या आणि प्रत्यक्ष संख्या

१९८० च्या दशकात कंपन्यांनी उत्पादनसंख्येचा वापर विक्रीसाठी करण्यास सुरुवात केली. मात्र जाहीर केलेली संख्या पाळली जातेच असे नाही.

फेरारीने १९८७ मध्ये एफ-४० ही मोटार सादर केली, तेव्हा सुमारे ४०० गाड्यांची योजना होती. मागणी वाढत गेली आणि १९९२ पर्यंत १,३०० हून अधिक गाड्या तयार झाल्या. म्हणजे मूळ संख्येच्या तिपटीहून अधिक उत्पादन झाले. तरीही एफ-४० चे संग्रहमूल्य घटले नाही. एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली ही कंपनीची अखेरची नवी मोटार असल्याने तिला इतिहासात स्वतंत्र स्थान मिळाले.

ब्रिटनच्या जॅग्वार कंपनीच्या एक्सजे-२२० या मोटारीबाबत याच्या उलट घडले. १९८८ मध्ये दाखवलेल्या नमुन्यात बारा सिलिंडरचे इंजिन होते. कमाल ३५० गाड्या तयार होतील असे जाहीर झाले आणि इच्छुकांनी मोठ्या अनामत रकमा भरल्या. प्रत्यक्ष विक्रीसाठी आलेल्या गाडीत सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन होते. दरम्यान १९९० नंतर मंदी आली आणि दुर्मिळ मोटारींचे भाव कोसळले. अनेक ग्राहकांनी करारातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला आणि वाद न्यायालयात गेले. अखेर सुमारे २८० गाड्यांवर उत्पादन थांबले. संख्या ठरल्यापेक्षा कमी भरली, पण ती मागणी आटल्यामुळे. त्यामुळे पुढे दीर्घकाळ या मोटारीचा भाव मूळ किमतीपेक्षा कमी राहिला.

या दोन उदाहरणांतून कंपन्यांनी घेतलेला धडा पुढील काळातील आकड्यांत दिसतो. फेरारीने एफ-५० च्या ३४९ गाड्या काढल्या. बाजारात जेवढ्या गाड्या विकल्या जातील त्याहून एक कमी काढायची, असे यामागील धोरण सांगितले जात असे. त्यानंतरच्या एन्झो या मोटारीच्या ३९९ गाड्या झाल्यावर ४०० वी गाडी पोप यांना देण्यात आली आणि तिच्या लिलावाची रक्कम २००४ च्या त्सुनामीतील पीडितांसाठी वापरण्यात आली. लाफेरारी या मोटारीच्या ४९९ गाड्यांनंतर आणखी एक गाडी २०१६ मध्ये इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी काढण्यात आली. ती ७० लाख डॉलरना विकली गेली.

मॅक्लारेन एफ-१ च्या बाबतीत संख्या आपोआप मर्यादित राहिली. १९९२ ते १९९८ या काळात नमुना गाड्या आणि शर्यतीच्या गाड्या धरून एकूण १०६ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी रस्त्यावर चालवण्याच्या प्रमाणित गाड्या ६४ होत्या. विक्री अपेक्षेइतकी न झाल्याने त्या काळी हा व्यवहार फारसा यशस्वी मानला गेला नव्हता. त्याच मोटारीच्या एका गाडीला ऑगस्ट २०२१ मध्ये २ कोटी डॉलरहून अधिक किंमत मिळाली. पहिल्या मालकाने ही गाडी फारच कमी चालवली होती आणि तिच्यासोबतची मूळ साधने व कागदपत्रेही शाबूत होती.

विशेष आवृत्त्यांचा प्रश्न

अलीकडच्या काळात एकाच मोटारीच्या अनेक विशेष आवृत्त्या काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. बुगाटी व्हेरॉनच्या एकूण ४५० गाड्या तयार झाल्या. त्यांत निरनिराळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या नावांच्या आणि काही तर एकेकट्याच गाडीच्या आवृत्त्या होत्या. अशा वेळी आपली गाडी दहापैकी एक आहे की ४५० पैकी एक, याचे उत्तर ग्राहकाने काय महत्त्वाचे मानले यावर अवलंबून राहते. रंग किंवा शिलाई बदलून झालेली आवृत्ती आणि इंजिन, वजन किंवा शरीररचना बदलून झालेली आवृत्ती यांत फरक केला पाहिजे. संग्राहक सहसा दुसऱ्या प्रकाराला अधिक मान देतात.

दुसरा प्रश्न बंद झालेले उत्पादन पुन्हा सुरू करण्याचा आहे. जॅग्वारने १९६३ मध्ये ई-टाइप या मोटारीच्या हलक्या वजनाच्या १८ गाड्यांसाठी चॅसिस क्रमांक राखून ठेवले होते. प्रत्यक्षात १२ गाड्या तयार झाल्या. उरलेले सहा क्रमांक वापरून २०१४ पासून त्याच धर्तीच्या सहा नव्या गाड्या तयार करण्यात आल्या. कागदावर मालिका पूर्ण झाली. मात्र १९६३ मधील गाडी आणि पन्नास वर्षांनंतरची गाडी यांना बाजाराने एकच भाव दिला नाही. क्रमांक सलग असले तरी तयार झाल्याची तारीख आणि त्यानंतरचा प्रवास यांना स्वतंत्र मोल असते.

नोंदीचे महत्त्व: तंजावरचा दाखला

दुर्मिळ वस्तूची ओळख नोंदीवरून कशी ठरते, हे समजून घेण्यासाठी मोटारींच्या पलीकडचे एक भारतीय उदाहरण उपयुक्त आहे. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ स्वामीमलै हे गाव आहे. तेथील स्थपती आजही पंचधातूच्या मूर्ती मेणाच्या साच्याच्या जुन्या पद्धतीने घडवतात. प्रथम मेणाची मूर्ती तयार करून तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचे लेप दिले जातात. तापवल्यावर मेण वितळून बाहेर येते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि अगदी तशीच दुसरी मूर्ती संभवत नाही.

म्हणजे चोळकालीन प्रत्येक मूर्ती एकमेव आहे. तरीही चोरीला गेलेली मूर्ती नेमकी कोणत्या देवळातील, हे केवळ तिच्या एकमेवपणावरून सिद्ध होत नाही. तंजावर येथील बृहदीश्वर मंदिर पहिला राजराज चोळ याने इ.स. १०१० मध्ये पूर्ण केले. राजा, त्याची बहीण कुंदवै, राण्या आणि अधिकारी यांनी अर्पण केलेल्या धातुमूर्तींचे वर्णन मंदिरातील शिलालेखांत कोरलेले आहे. मूर्तीची उंची, हातांची संख्या, पीठ, प्रभावळ आणि अलंकारांचे वजन असा तपशील त्यांत आढळतो. नोंदलेल्या मूर्तींपैकी फारच थोड्या देवळात उरल्या. राजराज आणि राणी लोकमहादेवी यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन मूर्ती २०१८ मध्ये अहमदाबादच्या संग्रहालयातून तंजावरला परत आणण्यात आल्या. त्यांच्या ओळखीविषयीच्या चर्चेत या शिलालेखांना महत्त्वाचे स्थान होते.

शेजारच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतान येथील नटराजाची मूर्तीही अशीच परत आली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली होती. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेच्या संग्रहात या मूर्तीची जुनी छायाचित्रे होती. त्यांमुळे मूर्ती मूळची कोठली, हे निश्चित झाले आणि २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली.

मराठी वाचकांना बृहदीश्वर मंदिर आणखी एका नोंदीमुळे परिचित आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरून घेतला. कागद जीर्ण होतो आणि वस्तू स्थलांतर करते, पण मूळ ठिकाणची नोंद टिकली तर शतकांनंतरही पडताळणी करता येते. मोटारींच्या जगात हेच काम चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि कारखान्याची उत्पादनवही करते.

होळकरांची ड्यूसेनबर्ग

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर हे आधुनिक कलेचे जाणकार म्हणून ओळखले जात. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी बांधून घेतलेला माणिकबाग राजवाडा प्रसिद्ध आहे. मोटारींबाबतही त्यांची निवड अशीच चोखंदळ होती. त्यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या मध्यास तयार झालेली ड्यूसेनबर्ग एसजे ही मोटार आजही जगातील नामांकित गाड्यांमध्ये गणली जाते.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकी कंपनी जे या मोटारीची चॅसिस आणि इंजिन तयार करीत असे. १९२८ ते १९३७ या काळात अशा सुमारे ४८० चॅसिस तयार झाल्या. गाडीची बॉडी मात्र ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेई. होळकरांच्या गाडीची दोन आसनी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बनवली. त्यामुळे चॅसिस शेकडोंपैकी एक असली, तरी संपूर्ण मोटार एकच झाली.

पुढील काळात अनेक ड्यूसेनबर्ग गाड्यांची इंजिने आणि बॉडी एकमेकींत बदलल्या गेल्या. म्हणून अमेरिकेतील या मोटारींच्या मालकांच्या संघटनेने गाडीचे मूळ भाग तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. मूळ चॅसिस, मूळ इंजिन आणि मूळ बॉडी एकत्र असलेल्या गाडीला वरचा दर्जा मिळतो. होळकरांची मोटार कालांतराने परदेशी संग्रहात गेली. संस्थानिकांच्या अशा अनेक गाड्या देशाबाहेर गेल्यानंतर १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर भारतात निर्बंध घालण्यात आले.

सचिन तेंडुलकरची फेरारी

मालकाच्या नावामुळे मोटारीला मोल येते, याचे महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकर याची फेरारी ३६० मोडेना. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथील कसोटीत तेंडुलकरने २९ वे शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांच्याशी बरोबरी साधली. त्यानिमित्त फियाट कंपनीने त्याला लाल रंगाची ही गाडी भेट दिली. जुलै २००२ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर याच्या हस्ते तिचे प्रदान झाले.

गाडी भारतात आणताना केंद्र सरकारने आयातशुल्क माफ केले. ही रक्कम एक कोटी रुपयांहून अधिक होती. या निर्णयावर टीका झाली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. अखेर शुल्काचा भरणा फियाटने केला. तेंडुलकरने ही गाडी २०११ मध्ये सुरत येथील एका व्यावसायिकाला विकली. २०१२ मध्ये या गाडीभोवती गुंफलेली कथा हिंदी चित्रपटातून पडद्यावर आली.

३६० मोडेना ही दुर्मिळ मोटार नाही. तिच्या हजारो गाड्या तयार झाल्या. या एका गाडीचे वेगळेपण उत्पादनसंख्येत नसून तिच्या इतिहासात आहे. मात्र हा इतिहासही त्याच चॅसिस क्रमांकाशी बांधलेला आहे. कागदपत्रांशिवाय तिच्यात आणि दुसऱ्या लाल मोडेनात फरक उरणार नाही.

भारतीय स्पोर्ट्स कारचे प्रयत्न

भारतात स्पोर्ट्स कार तयार करण्याचे काही प्रयत्न झाले. बंगळुरूच्या सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉर्म ही दोन आसनी गाडी काढली. तिची बॉडी फायबरग्लासची होती आणि इंजिन रेनॉचे १,१४९ सीसीचे होते. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळील कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने जुन्या ब्रिटिश लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी रोडस्टर तयार केली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले होते. या दोन्ही गाड्या थोड्याच रस्त्यांवर आल्या.

दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात अवंती ही मोटार सादर केली. मधोमध बसवलेले रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि सुमारे २५० अश्वशक्ती ही तिची वैशिष्ट्ये होती. पुणे परिसरात तिच्या उत्पादनाची योजना होती. किंमत ३५ लाख रुपयांच्या आसपास असल्याने परदेशी स्पोर्ट्स कारच्या तुलनेत ती स्वस्त होती. पुढे कंपनीने ३१० अश्वशक्तीची मर्यादित आवृत्तीही जाहीर केली आणि तिच्या केवळ ३१ गाड्या निघतील असे सांगितले.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने छाब्रिया यांना अटक केली. एकच इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक एकाहून अधिक गाड्यांना वापरून नोंदणी करण्यात आली, तसेच गाड्यांवर गैरमार्गाने कर्जे घेण्यात आली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. त्याचा निर्णय न्यायालयाच्या कक्षेत येतो.

संग्रहमूल्याच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व वेगळे आहे. एका क्रमांकाच्या दोन गाड्या असू शकतात, अशी नुसती शंका निर्माण झाली तरी एकूण गाड्या किती, हा आकडाच अनिश्चित होतो. आकडा अनिश्चित झाला की दुर्मिळतेचा दावा टिकत नाही. त्याची झळ प्रामाणिकपणे गाडी विकत घेऊन तिची निगा राखणाऱ्या मालकांनाही बसते. भारतात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्स कारची स्वतंत्र संस्थेकडून गाडीनिहाय नोंद ठेवली गेली, तर या मालकांचे हित जपले जाईल आणि देशाच्या वाहन इतिहासातील एक प्रकरणही सुरक्षित राहील.

कायदा काय सांगतो?

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९६६ मध्ये झाली. त्याच्या व्याख्येनुसार किमान ३० वर्षे जुने आणि मूळ स्वरूपात जतन केलेले वाहन ऐतिहासिक मानले जाते. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत ही मर्यादा ५० वर्षांची आहे.

या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूप कायम असलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज दर्जा मिळतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क ठरवण्यात आले. नोंदणी दहा वर्षे वैध असते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरास मुभा नाही.

त्यामुळे साधारणपणे १५ ते ५० वर्षे वयाच्या गाड्यांचा प्रश्न शिल्लक राहतो. त्या नव्या नसतात आणि व्हिंटेजही नसतात. १९९८ मध्ये नोंदणी झालेली भारतीय स्पोर्ट्स कार आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार २०२८ मध्ये ऐतिहासिक ठरू शकेल, पण भारतीय नियमानुसार तिला २०४८ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत तिला सामान्य मोटारीप्रमाणे नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. दिल्ली आणि राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. या बंदीच्या काळात संग्राह्य ठरू शकणाऱ्या काही गाड्याही इतर जुन्या गाड्यांसोबत दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या किंवा भंगारात निघाल्या, ही शक्यता नाकारता येत नाही.

उद्याच्या संग्राह्य गाड्या

लाफेरारी, ३७५ गाड्यांची मॅक्लारेन पी-१ आणि ९१८ गाड्यांची पोर्शे ९१८ स्पायडर या तिन्ही मोटारी पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या आहेत. त्यांचे भाव आज चढे असले, तरी त्यांच्यापुढे जुन्या गाड्यांना कधी न आलेली अडचण आहे. १९६२ च्या फेरारीचा तुटलेला भाग कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो. बॅटरी वापराविनाही क्षीण होते आणि गाडीची संगणकीय प्रणाली उत्पादकाच्या सहकार्याशिवाय दुरुस्त करणे कठीण असते. म्हणून या पिढीतील मोटारींचे संग्रहमूल्य उत्पादक किती वर्षे सुटे भाग आणि तांत्रिक सेवा पुरवतो, यावरही अवलंबून राहील.

दुसरीकडे, हाताने गिअर टाकण्याच्या आणि टर्बोची जोड नसलेल्या इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन घटत आहे. अशा काही गाड्या मोठ्या संख्येने तयार झाल्या असल्या, तरी त्यांना मागणी वाढताना दिसते. तयार झालेल्या गाड्यांच्या संख्येपेक्षा सुस्थितीत उरलेल्या गाड्यांची संख्या अखेर महत्त्वाची ठरते.

खरेदीपूर्वी पाहण्यासारख्या बाबी

चॅसिसवर कोरलेला क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि आरसी बुकातील क्रमांक एकमेकांशी जुळतात का, हे प्रत्यक्ष गाडीवर तपासावे.

जाहीर उत्पादनसंख्या आणि प्रत्यक्ष उत्पादनसंख्या वेगळी असू शकते. शक्य असल्यास कंपनीकडून किंवा मालकांच्या संघटनेकडून लेखी खातरजमा करून घ्यावी.

पूर्वीचे मालक, सर्व्हिसच्या पावत्या, आयातीची कागदपत्रे आणि शुल्क भरल्याचा पुरावा एकत्र ठेवलेला असावा. गाडीवर कर्जाचा बोजा नाही, याची आरटीओच्या नोंदीवरून खात्री करून घ्यावी.

मूळ रंग, मूळ इंजिन आणि मूळ बॉडी यांत बदल झाले असल्यास त्यांची नोंद असावी. व्हिंटेज दर्जासाठीही मूळ स्वरूप ही अट आहे.

गाडी कमी संख्येने का निघाली, याचे उत्तर शोधावे. उत्पादकाने ठरवून थांबवलेले उत्पादन आणि मागणी नसल्याने बंद पडलेले उत्पादन यांचे पुढील भाव सारखे राहत नाहीत.

मोटारींच्या भावांत १९९० नंतर आलेली घसरण पाहता, केवळ नफ्याच्या अपेक्षेने केलेली खरेदी जोखमीची ठरते. विमा, साठवण, सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिकचा खर्च दरवर्षी करावा लागतो. गाडी जपण्याची ऐपत आणि आवड असलेल्या संग्राहकाला ही जोखीम तुलनेने कमी जाणवते, कारण भाव वाढला नाही तरी ती गाडी त्याला हवीच असते.